१९४६ चं पायपर जे-३ कब, ए-६५ इंजिन: वंगण कुठे, कोणतं, किती आणि कुठे अजिबात नको?

पिवळं_कब

पेनसिल्व्हेनियात आम्हा तिघांच्या मालकीचं १९४६ चं जे-३ हे छोटं, कापडाने मढवलेलं विमान आहे. इंजिन कॉन्टिनेन्टल ए-६५-८, पंखा (प्रोपेलर) लाकडी, सेन्सेनिच कंपनीचा, बॅटरी-स्टार्टर काही नाही, ऑइल फिल्टर नाही, फक्त जाळी. मागचं चाक स्कॉट ३२००. वर्षाला साठेक तास उड्डाण होतं. हँगरमध्ये हीटर नाही. वार्षिक तपासणी आमचे मेकॅनिक करतात, ती तशीच चालू राहील. मधल्या काळातलं तेल, ग्रीस, स्पार्क प्लग वगैरे नियमात बसेल तेवढं आपण करायचं असं ठरलं आहे.

जुन्या पुस्तकात वंगणाचा तक्ता आहे, पण त्यातल्या ग्रीसची नावं आज दुकानात सापडत नाहीत. शिवाय आधीच्या कुणीतरी बऱ्याच गोष्टी करून ठेवल्या आहेत, त्या बरोबर की चूक हे कळायला हवं:

कंट्रोलच्या सगळ्या केबलींना चाकाचं जाड ग्रीस फासलेलं आहे, त्यावर धूळ बसून काळा थर झालाय. एलेरॉनच्या (विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या भागांच्या) बिजागऱ्यांवर सिलिकॉन स्प्रे मारलेला आहे, डबा लॉकरमध्येच सापडला. ट्रिमचा, म्हणजे शेपटीचा कोन बदलून विमान समतोल ठेवायचा, क्रँक फिरतो पण शेवटाकडे शेपटी हलत नाही, नुसता घसरतो. उतरल्यावर वेग कमी होताना मागचं चाक जोरात थरथरतं. आणि मागच्या वेळी तेल बदलल्यावर प्रेशरचा काटा उठायला बराच वेळ लागला, तेल रात्रभर निथळत ठेवलं होतं.

तेल डब्ल्यू ८०, डब्ल्यू १०० की २०डब्ल्यू-५०? किती तासांनी? आणि वरच्या गोष्टी कोणत्या क्रमाने हाती घ्याव्यात?

सेफ्टीवायर

इंजिनचं मी लिहितो, एअरफ्रेमबद्दल जाणकार इथे आहेतच.

काटा उशिरा उठला त्याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे: रात्रभर निथळत ठेवलं. या इंजिनाचा गिअर पंप संपमधल्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या) तेलाच्या पातळीच्या वर बसतो. गिअर आणि पंपाची भिंत यांच्यात तेलाची फिल्म असते, तीच सील म्हणून काम करते. ती ओघळून गेली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो. जुन्या पंपात गिअरभोवतीची जागा थोडी वाढलेली असते, तिथे हे लवकर होतं. म्हणून ए-६५, सी-८५, सी-९० या कॉन्टिनेन्टल इंजिनांचं तेल काढायच्या आधी नवं तेल, नवी गास्केट आणि सेफ्टी वायर (जोड सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) हाताशी तयार ठेवायची. तेल गरम असताना काढलं तर वीस-पंचवीस मिनिटांत जे यायचं ते येतं, उरलेल्या चार थेंबांसाठी पंप कोरडा करू नका.

क्रम असा ठेवा. उड्डाण करून या, तेल चांगलं तापलेलं हवं. चाकांना ठोकळे, शेपटी बांधलेली, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) स्विच बंद. स्विच बंद असला तरी पंखा जिवंतच आहे असं धरून वागा, मॅग्नेटोची ग्राउंड वायर तुटली असेल तर स्विचला काही अर्थ नसतो. ड्रेन प्लग काढा, मग मागच्या ॲक्सेसरी केसवरची जाळी. तापमानाच्या घड्याळाचा बल्ब जाळीच्या टोपणातच बसवलेला असेल तर आधी बल्बचं नट मोकळं करा आणि टोपण दुसऱ्या पान्याने धरा. बल्बची बारीक नळी पिळली किंवा दुमडली तर घड्याळ कायमचं गेलं, ती नळी दुरुस्त होत नाही.

जाळी धुण्याआधी बघा, धुतल्यावर बघून उपयोग नाही. पांढऱ्या कापडावर उलटी ठोका आणि चुंबक फिरवा. बोटांत चुरडून काळी पूड होते तो कार्बन, थोडा असणारच. चुंबकाला चिकटणारे केसासारखे तुकडे म्हणजे पोलाद: कॅम, टॅपेटचे तळ, गिअर. न चिकटणारी चंदेरी चमक बऱ्याचदा पिस्टन पिनच्या टोकांच्या ॲल्युमिनियम प्लगांची असते, पण बेअरिंगचीही असू शकते. एखाद-दुसरा कण म्हणजे नोंद करून पुढच्या वेळी पुन्हा बघायचं. चिमूटभर निघालं तर उडायचं नाही, ते कापड तसंच मेकॅनिकला दाखवायचं. जाळी मिनरल स्पिरिटमध्ये ब्रशने धुवा, सुकवा, तारा कुठे फाटल्यात का ते उजेडाकडे धरून बघा.

बसवताना तांब्याची गास्केट नवीन. जाळी लावण्याआधी तिच्या पोकळीत थोडं ताजं तेल ओता, पंपाला पहिला घोट मिळतो. मग सेफ्टी वायर, ०.०३२ इंची, इंचाला सहा ते आठ पीळ, आणि ओढ नेहमी घट्ट होण्याच्या दिशेला. संपमध्ये एकूण ४ क्वार्ट मावतात, म्हणजे साधारण ३.८ लिटर. पुष्कळ ए-६५ वरचा अर्धा क्वार्ट ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा सोडणाऱ्या नळीतून) पोटावर फेकून देतात आणि मग तिथेच स्थिरावतात. तुमचं इंजिन साडेतीनवर स्थिर राहत असेल तर रोज चारपर्यंत भरून विमानाचं पोट तेलकट करण्यात अर्थ नाही. पातळी त्याखाली किती वेगाने जाते ते मात्र तासांनिशी लिहून ठेवा.

सुरू केल्यावर ३० सेकंदांत काटा हलला नाही तर बंद करा. 'येईल आता' म्हणत फिरवत राहू नका, मेन बेअरिंग कोरडी फिरत असतात. पंपाच्या बाहेरच्या बाजूचा प्लग किंवा प्रेशर गेजची जोडणी काढून तिथून ऑइलकॅनने तेल भरा, वरचे स्पार्क प्लग काढून ठेवा आणि पंखा हाताने फिरवत तेल चढतंय का पाहा. दरवेळी हेच करावं लागत असेल तर गिअरची झीज किंवा ओढणाऱ्या बाजूला हवा शिरते आहे. ते काम मालकाचं नाही.

आता ग्रेड. कॉन्टिनेन्टलच्या पुस्तकात ४० फॅरनहाइटच्या वर एसएई ४० आणि त्याखाली एसएई २० आहे. विमानाच्या तेलाच्या डब्यावरचा आकडा वेगळ्या मापाचा असतो: ८० म्हणजे एसएई ४०, १०० म्हणजे एसएई ५०. म्हणजे उन्हाळ्यात सरळ उत्तर डब्ल्यू ८०. डब्ल्यू १०० या इंजिनाला कडक उन्हाळ्यातही गरजेपेक्षा जाड आहे आणि तुमच्याकडच्या थंडीत तर नकोच. थंडीतही उडणार असाल तर फिलिप्सचं एक्स/सी २०डब्ल्यू-५० वर्षभर ठेवा, हीटर नसलेल्या हँगरमध्ये मी तेच घेईन. डब्ल्यू हे अक्षर राख न सोडणाऱ्या डिस्पर्संट तेलाचं. बिनडब्ल्यूचं साधं मिनरल तेल ओव्हरहॉलनंतर पिस्टनच्या रिंगा बसेपर्यंत वापरायचं असतं. गाडीचं तेल कधीच नाही. त्यातल्या धातूयुक्त डिटर्जंटची राख सिलिंडरमध्ये साचते, तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते.

एक सावधगिरी: इंजिन आजवर वर्षानुवर्षं साध्या मिनरल तेलावर चाललं असेल आणि तुम्ही आता डिस्पर्संटवर नेत असाल, तर जुना गाळ सुटायला लागतो. पहिली जाळी पंचवीस तासांची वाट न बघता पाच-दहा तासांतच काढून बघा.

मुदत: फक्त जाळी असेल तर २५ तास किंवा ४ महिने, जे आधी येईल ते. जाळी मोठे तुकडे अडवते, बारीक काजळी, शिशाचे कण आणि पाणी तेलातच राहतं. ते बाहेर काढायचा एकच मार्ग म्हणजे तेल बदलणं. साठ तासांना वर्षात दोन-तीन वेळा बदल होतो, चार महिन्यांच्या हिशेबाने तीन वेळा.

आणि हिवाळ्यात हँगरसमोर दहा मिनिटं इंजिन फिरवून 'वंगण फिरवणं' बंद करा. ज्वलनातून निघालेलं पाणी क्रँककेसमध्ये जातं आणि तेल १८० फॅरनहाइटच्या आसपास काही काळ राहिल्याशिवाय ते उडून जात नाही. जमिनीवर ए-६५ तेवढं तापत नाही. उडायचं असेल तर अर्धा-पाऊण तास उडा, नाहीतर अजिबात सुरू करू नका.

डोप_आणि_कापड

वरचं सगळं बरोबर आहे. एअरफ्रेमला हात लावण्याआधी एक गोष्ट लक्षात असू द्या: या विमानात तेल-ग्रीस लावायच्या जागा थोड्या आहेत आणि न लावायच्या जास्त. तुमच्या यादीतल्या तीन तक्रारी तर चुकीच्या जागी लावलेल्या वंगणाच्याच आहेत.

केबल. ग्रीस काढा. जाड ग्रीस धूळ धरतं, धूळ आणि ग्रीस मिळून सॅंडपेपरसारखी लेप तयार होते आणि ती पुलीवर केबलला घासत राहते. आधी कोरड्या फडक्याने, मग मिनरल स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेल्या फडक्याने पुसा. केबल सॉल्व्हंटमध्ये बुडवायची नाही, वरून ओतायचंही नाही. तारा पिळताना आत घातलेलं वंगण त्याने धुऊन निघतं, केबल वरून स्वच्छ दिसते आणि आतून गंजते.

स्वच्छ झाली की लगेच तपासा, ही संधी पुन्हा वर्षभर येणार नाही. सुती फडकं केबलभोवती गुंडाळून दोन्ही दिशांना सरकवा, तुटलेली तार असेल तिथे धागा अडकतो. उघड्या बोटांनी हे करू नका. मग स्टिक आणि पेडल टोकापर्यंत नेऊन, पुलीवर बसणारा केबलचा भाग मोकळ्यात आणा आणि तिथे केबल हलकेच वाकवून बघा. पुलीवर, फेअरलीडमध्ये (केबल ज्यातून सरकते त्या मार्गदर्शक कड्यात) किंवा प्रेस केलेल्या फिटिंगपासून एका फुटाच्या आत एकही तार तुटलेली दिसली तर केबल बदलायची. टर्नबकलच्या (केबलचा ताण कमी-जास्त करणाऱ्या जोडाच्या) बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत.

त्यानंतर गॅल्व्हनाइज्ड केबलला पॅराल्केटोन या गंजरोधक लेपाचा अगदी पातळ हात, फडक्यावर घेऊन चोळायचा आणि जास्तीचं पुसून टाकायचं. बोट लावलं तर डाग पडावा, ओघळ येता कामा नये. पुल्यांची बेअरिंग बंद प्रकारची असतील तर त्यांना काहीही नको. साध्या बुशवरच्या पुलीला आसाशी पातळ तेलाचा एक थेंब, आणि पुली खरोखर फिरते की केबल तिच्यावरून घसरते ते नजरेने बघा. अडकलेल्या पुलीवर एका बाजूला खोल चर पडतो.

ट्रिम. कबमध्ये ट्रिमची केबल शेपटीतल्या जॅकस्क्रूच्या (शेपटीचा कोन बदलणाऱ्या आट्यांच्या दांड्याच्या) पुलीला निव्वळ घर्षणाने फिरवते. तिथे ग्रीस गेलं की क्रँक फिरतो आणि पुली जागची हलत नाही. शेवटाकडे भार वाढतो म्हणून घसरणं तिथे दिसतं. स्क्रूचे आटे, पुलीची खाच आणि तिथली केबल तिन्ही स्वच्छ करा. मग फक्त आट्यांवर ग्रीसचा बारीक थर द्या, पुली आणि केबल कोरडी ठेवा. स्पिरिट वापरताना कापडावर उडू देऊ नका, खाली फडकं धरा. पुसल्यावरही घसरत असेल तर केबल सैल आहे, ताण मेकॅनिककडून नीट करून घ्या. पण आधी आटे बघा. जॅकस्क्रू कोरडा किंवा गंजलेला असताना केबल ताणून जोर वाढवणं हे भलत्याच जागी उपचार करण्यासारखं आहे.

सिलिकॉन. हा डबा हँगरमधूनच बाहेर काढा. कापडाच्या विमानाजवळ सिलिकॉनला जागा नाही. बिजागरीला त्याने काही होत नाही, पण उडालेली फवारणी आजूबाजूच्या कापडावर बसते आणि पुढे कधी पॅच मारायचा झाला की डोप (कापड ताणून बंद करणारा लाखेसारखा लेप) किंवा रंग तिथे धरतच नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. सॅंडपेपर मारला तर आणखी आत शिरतं. रंगाआधी वापरतात तो मेणा-ग्रीसचा क्लीनर घ्या, एका हातात ओलं फडकं आणि दुसऱ्या हातात कोरडं, पुसलं की लगेच कोरडं करा, आणि फडकी वारंवार बदला. एमईके हे जहाल सॉल्व्हंट किंवा लॅकर थिनर नको, ब्युटिरेट डोप विरघळेल. बिजागऱ्यांच्या बाजूला कुठे फवारलं होतं ते लॉगबुकला चिठ्ठी जोडून लिहून ठेवा, पाच वर्षांनी कापड दुरुस्त करणारा माणूस दुवा देईल.

बिजागरीच्या पिनला हवं ते साधं पातळ तेल, सुईसारख्या तोंडाच्या ऑइलरने एक थेंब. एलेरॉन दहा-बारा वेळा वरखाली करा, काळं तेल बाहेर येईल ते पुसा, पुन्हा एक थेंब, पुन्हा पुसा. बाहेर येणारं तेल तांबूस असेल तर पिन गंजते आहे. रडर आणि एलेव्हेटरलाही तेच. स्टिकखालच्या टॉर्क ट्यूबची बुशं आणि पेडलांचे आस विसरले जातात, कारण फळी काढावी लागते. तिथे तेल घालण्याआधी व्हॅक्यूम लावा, त्या खोबणीत बुटांतून पडलेली वाळू भरपूर असते.

कुठे अजिबात नाही. पुढच्या चाकांचे बंजी, म्हणजे धक्के झेलणारे रबरी दोर: नैसर्गिक रबर आहे, तेल, ग्रीस आणि पेट्रोल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. चाकाला ग्रीस मारताना त्यांच्यावर काही सांडलं तर लगेच साबणपाण्याने पुसा. बंजीच्या विणीत रंगीत धागे असतात: एका रंगाचे दोन धागे बनवल्याचं वर्ष सांगतात, वेगळ्या रंगाचा तिसरा तिमाही. विकत घेताना ते बघून घ्या, दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला बंजी नवा नसतो.

पेट्रोलच्या कॉकला साधं ग्रीस कधीच नाही. पेट्रोल ते धुऊन कार्ब्युरेटरपर्यंत नेतं आणि कॉक पुन्हा कोरडा. तिथे इझेड टर्न मिळतं, पेट्रोलमध्ये न विरघळणारं, तेच, आणि कॉक उघडणं मेकॅनिकच्या उपस्थितीत. मॅग्नेटोत बाहेरून तेल टाकायची जागा शोधू नका. आतल्या कॅमच्या फेल्टला थेंबभर लागतं, ते उघडून तपासताना दिलं जातं. जास्त झालं की पॉइंटवर तेल उडतं, ते जळतं आणि ठिणगी मरते.

आणि डब्ल्यूडी-४० हे वंगण समजू नका. अडकलेली पिन सोडवायला ठीक, पण बेअरिंगमध्ये मारलं तर आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतं.

पिवळं_कब

दोघांचेही मनापासून आभार. केबल आणि ट्रिम याच शनिवारी घेतो.

चाकांबद्दल दोन प्रश्न राहिले. दुकानात एरोशेल ५, ६, ७, २२ आणि मोबिलचं एसएचसी १०० असं सगळं आहे. आत आधी कोणतं भरलंय ते कुणाला माहीत नाही. आणि मागच्या चाकाला दोन निपल आहेत, त्यात ग्रीसगन लावून भरपूर मारलं तरी थरथर कमी होत नाही, उलट चाक वळवायला जड झालंय. प्लगचंही सांगाल का? खालचे प्लग दर पंधरा तासांनी मरतात.

रॉकर_बॉक्स

मागच्या चाकात आणखी ग्रीस मारू नका. स्कॉट ३२०० मध्ये वरचा निपल उभ्या आसासाठी आहे, आणि त्याच घरात चाक मोकळं फिरण्यासाठी सुटणारा खटका आणि त्याची स्प्रिंग आहे. तिथे ग्रीस ठासून भरलं की खटका आपल्या खाचेत परत बसायला आळस करतो. म्हणजे जमिनीवर वळताना चाक सुटलं तर लगेच पकडत नाही, आणि वाऱ्यात ते नेमकं नको त्या वेळी होतं. खोला, सगळं धुवा, खटक्याच्या कडा गोल झाल्यात का बघा, पुन्हा जोडताना आसाला आणि खटक्याला पातळ थर. पुढे २५ तासांनी गनचे एक-दोन दाब, कडेला ताजं ग्रीस दिसलं की थांबा.

थरथरीचं मूळ बहुधा ग्रीसमध्ये नाहीच. विमान सपाट जमिनीवर, टाकी भरलेली, दोन माणसं आत बसलेली, आणि बाजूने चाकाच्या उभ्या आसाकडे बघा. आस सरळ उभा हवा किंवा त्याचं वरचं टोक किंचित मागे. वरचं टोक पुढे झुकलं असेल तर चाक थरथरणारच, वंगण कोणतंही असो. पानपट्टी स्प्रिंग वर्षानुवर्षं दबून सपाट होते आणि आस असाच पुढे झुकतो. रिकाम्या विमानात हे दिसत नाही, म्हणून माणसं बसवून बघायला सांगतोय. स्प्रिंगचा बाक गेला असेल तर स्प्रिंग बदलायची. मुख्य पट्टीचा बोल्टही काढून बघा, अशा थरथरीत तोच आधी झिजतो. त्यानंतर चाकाच्या आसातला खेळ, टायरमधली हवा, आणि स्टिअरिंगच्या साखळ्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का.

ग्रीस: एरोशेल ५, ६, ७ आणि २२ मातीच्या जाडकावर बनतात, एसएचसी १०० लिथियमवर. ही दोन कुळं मिसळली तर ग्रीस पातळ होऊन वाहू शकतं, आणि चाकातून ते सरळ ब्रेकवर येतं. आत काय आहे ते माहीत नसेल तर उत्तर एकच: पूर्ण धुऊन काढा आणि एकच प्रकार भरा. जे-३ च्या चाकांना ५ किंवा २२ घ्या. ६ आणि ७ एअरफ्रेमच्या इतर सांध्यांना ठीक आहेत. हँगरमध्ये एकच डबा ठेवता आला तर २२ ठेवा, आणि ग्रीसगनवर पट्टी चिकटवून नाव लिहा, कारण मिसळ बहुतेक वेळा गनमध्येच होते.

चाक उतरवण्याआधी ॲक्सलजवळ जॅक आणि दुसऱ्या चाकाला ठोकळे. बेअरिंग मिनरल स्पिरिटमध्ये धुवा आणि सावलीत कापडावर सुकवा. दाबाच्या हवेने गरगर फिरवू नका. वंगणाशिवाय तसं फिरलेलं रोलर बेअरिंग तिथेच खराब होतं आणि सुटलं तर हाताला इजा करतं. रोलरवर निळसर छटा दिसली तर ते तापलेलं आहे. बाहेरच्या कपात रोलरच्या अंतरावर बारीक रेघा असतील तर उभ्या विमानात पाणी आत होतं. दोन्ही बाबतींत कप आणि कोन जोडीने बदला. ग्रीस तळहातावर घेऊन रुंद बाजूने दाबत राहा, रोलरांमधून दुसरीकडे वर येईपर्यंत. हबची पोकळी गच्च भरू नका, ते ग्रीस तापून ब्रेककडेच जाणार आहे. नट चाक फिरवत घट्ट करा, किंचित जड लागलं की कॉटर पिनचं जवळचं भोक जुळेपर्यंत मागे घ्या. कॉटर पिन दरवेळी नवी. तुमच्या चाकात रोलरऐवजी साधं बुश निघालं तर आस आणि बुश यांतला खेळ मोजून घ्या, ग्रीसने झीज भरून निघत नाही.

प्लग. ए-६५ जमान्यातल्या ७३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनलेलं आहे. नंतरच्या ८०/८७ मध्ये गॅलनला जास्तीत जास्त अर्धा मिलिलिटर टेट्राएथिल लेड असायचं, १०० लो-लेडमध्ये २ मिलिलिटरपर्यंत असू शकतं. 'लो' हे जुन्या हिरव्या १०० च्या मानाने, तुमच्या इंजिनाच्या मानाने ते चौपट आहे. थंड चालणाऱ्या या इंजिनात ते शिसं जळून बाहेर जात नाही, खालच्या प्लगांत राखाडी खडे होऊन बसतं. पंधरा तासांना प्लग मरणं यात आश्चर्य नाही.

करायचं असं: दर २५ तासांनी, म्हणजे तेलासोबत, आठही काढा. खडे बारीक पिकने किंवा व्हायब्रेटरने काढा, पोर्सेलिनला ओरखडा नको. गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच. गॅप कमी करताना बाहेरचा इलेक्ट्रोड आत ढकलायचा, जास्त आत गेला तर परत बाहेर उचकटू नका, पोर्सेलिन तडकतं. पुन्हा बसवताना खालचे वर आणि वरचे खाली, शिवाय फायरिंग क्रमातल्या पुढच्या सिलिंडरला. क्रम १-३-२-४ आहे. ठिणगीची दिशा एका सिलिंडरआड उलटते, त्यामुळे जागा बदलली की झीज दोन्ही इलेक्ट्रोडवर वाटली जाते. तांब्याची वॉशर नवी. अँटी-सीझ आट्यांना लावा, पण टोकाकडचा पहिला आटा कोरडा ठेवा, तिथून ते इलेक्ट्रोडवर वितळून प्लग शॉर्ट करतं. टॉर्क ३०० ते ३६० इंच-पौंड. हातातून पडलेला प्लग बाहेरून चांगला दिसला तरी फेकून द्या.

इथेनॉल नसलेलं मोगॅस (गाड्यांचं पेट्रोल) तुमच्याकडे मिळत असेल तर त्याच्या एसटीसीची, म्हणजे ते या विमानात वापरायच्या अधिकृत मंजुरीची, चौकशी करा, शिशाचा प्रश्न मुळातूनच कमी होतो. इथेनॉल मात्र नको. पुढच्या टाकीतल्या कॉर्कच्या तरंगाचं शेलॅक त्याने सुटतं आणि कॉर्क पेट्रोल पिऊन बुडतो, मग तारेचा काटा टाकी रिकामी दाखवत राहतो.

सेफ्टीवायर

प्लगबद्दल सहमत. फक्त पेट्रोलमध्ये किंवा तेलात 'जादूचं' काही घालून प्लग आणि व्हॉल्व्ह साफ होतात, या भरवशावर कुणी राहू नये. सकाळी थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन मिनिटं एक सिलिंडर चुकतो आणि मग सुरळीत होतो, असं झालं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतो आहे. ते लक्षण दिसलं की उड्डाण थांबवून गाइड साफ करून घ्यायचं. तो व्हॉल्व्ह पुढच्या वेळी उघडाच अडकतो, आणि वाकलेल्या पुशरॉडचा खर्च हा त्यातला सगळ्यात स्वस्त शेवट आहे.

कागदपत्रांचंही सांगतो, कारण विषय अमेरिकेतला आहे. एफएए या तिथल्या विमान नियामक संस्थेच्या नियमांतल्या भाग ४३ च्या परिशिष्ट अ मध्ये मालक-वैमानिकाला करता येणाऱ्या प्रतिबंधक देखभालीची यादी आहे. तेल बदलणं, प्लग काढून साफ करणं, चाकांची बेअरिंग धुऊन ग्रीस भरणं, सेफ्टी वायर आणि कॉटर पिन बदलणं, बंजी बदलणं, आणि झाकणं, काउलिंग, फेअरिंग याखेरीज काही न सोडवता करता येणारं वंगण हे त्यात येतं. केबल बदलणं, ट्रिम उघडून दुरुस्त करणं, मॅग्नेटो उघडणं, मागच्या चाकाचा खटका सोडवणं येत नाही, तिथे तुमच्या मेकॅनिकची देखरेख आणि सही हवी. प्रत्येक कामाची नोंद: काय केलं, तारीख, सही, परवान्याचा क्रमांक आणि प्रकार. 'तेल बदललं' एवढंच न लिहिता कोणतं, किती क्वार्ट आणि जाळीत काय दिसलं तेही लिहा. तिघांच्या विमानात ही नोंदच एकमेकांशी बोलते.

डोप_आणि_कापड

लिफ्ट स्ट्रटचं, म्हणजे विमानाच्या पंखांना खालून आधार देणाऱ्या नळ्यांचं, राहिलंच होतं. पायपरच्या स्ट्रटची नळी आतून खाली गंजते, पाणी तळाशी साचतं. त्यावर एडी (एफएएचा बंधनकारक सुरक्षा आदेश) २०१५-०८-०४ आहे: सीलबंद प्रकारचे स्ट्रट नसतील तर दर २४ महिन्यांनी तपासणी, खालच्या काट्यांच्या आट्यांची तपासणी वेगळी. ही मेकॅनिकची कामं. तुम्ही लॉगबुक उघडून तुमचे स्ट्रट कोणत्या प्रकारचे आहेत ते शोधा. तपासणीनंतर नळीत जवसाचं तेल फिरवून निथळवतात, त्याची फिल्म आत वाळून गंज रोखते. ते काम बघायला उभे राहाल तेव्हा तेलाची फडकी बोळा करून डब्यात टाकू देऊ नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि असा बोळा आपोआप पेटतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. कापड, डोप आणि पेट्रोल असलेल्या हँगरमध्ये यात हयगय नको.

लाकडी पंखा उभा सोडू नका, आडवा थांबवा. उभा राहिला की ओलावा खालच्या पात्यात उतरतो आणि संतुलन बिघडतं. बोल्टचा टॉर्क पंखा बसवल्यावर पहिल्या उड्डाणानंतर, मग २५ तासांनी, त्यानंतर दर ५० तासांनी आणि ऋतू बदलताना तपासायचा. कोरड्या हिवाळ्यात लाकूड आकसतं, बोल्ट आपोआप सैल वाटतात. उन्हाळ्यात तेच लाकूड फुगून बोल्टाखाली चिरडतं. बोल्टाच्या आट्यांना तेल लावून टॉर्क मोजू नका, तेलकट आट्यांवर तोच आकडा जास्त ओढ देतो. पंखा बनवणाऱ्याच्या तक्त्यातला कोरडा आकडा वापरा.

हँगर_पुणे

हा धागा इकडेही उपयोगी आहे, म्हणून थोडी भर. एचएएलच्या पुष्पक विमानाला कॉन्टिनेन्टल सी९०-८एफ आहे, याच घराण्यातलं. पंपाचं प्रायमिंग, जाळी, प्लग, जमिनीवर इंजिन फिरवणं यांबद्दल वर लिहिलेलं जसंच्या तसं लागू पडतं. फक्त तेल ४ नाही, ५ क्वार्ट. आणि आपल्या हवेत एसएई ४० च्या खाली जायची वेळ क्वचितच येते. पावसाळ्यात मात्र चार महिन्यांची मुदत तासांपेक्षा जास्त पाळा. जूनमध्ये उभं केलेलं विमान सप्टेंबरमध्ये काढलं तर तास शून्य दिसतात, पण तेलातलं पाणी आणि आम्ल कॅमवर काम करतच असतं. उभं करण्याआधी ताजं तेल घालून एक उड्डाण करा, मग उभं करा. जुनं तेल आत ठेवून झाकण लावू नका. मालकाने स्वतः काम करायची वरची अमेरिकेची सूट इथे धरू नये, भारतात डीजीसीए या विमान नियामकाच्या नियमांप्रमाणे परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) सही लागते.

टायगर मॉथ या जुन्या विमानवाल्यांसाठी वेगळं. त्यातलं जिप्सी मेजर उलटं इंजिन आहे, सिलिंडर खाली लोंबतात. जेआरडी टाटांनी १९३२ मध्ये कराचीहून जुहूला आणलेल्या पुस मॉथ विमानाचं जिप्सी ३ सुद्धा असंच उलटं. विमान न चालवता उभं असताना तेल रिंगांवरून झिरपत खालच्या ज्वलनकक्षात साचतं. तेल दाबलं जात नाही, म्हणून तसंच सुरू केलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. स्विच बंद, थ्रॉटल बंद, आणि पंखा सावकाश हाताने फिरवत प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन ओलांडा. कुठे अडलं तर जोर लावू नका आणि उलटाही फिरवू नका. उलटं फिरवलं की तेल इनलेट पाइपात जातं आणि सुरू होताच परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं. त्या सिलिंडरचा प्लग काढा, तेल निथळू द्या, मग पुढे. रॉकरच्या झाकणांमध्ये तेल हाताने भरावं लागतं, इंजिनाचं तेल तिथे दाबाने पोचत नाही. झाकणाची गास्केट गळत असेल तर ते तेल उड्डाणातच संपतं आणि रॉकर कोरडे चालतात. म्हणून जिप्सीखाली जमिनीवरचा डाग कुठल्या सिलिंडरखाली आहे ते रोज बघा.

पिवळं_कब

माणसं बसवून बघितलं. आसाचं वरचं टोक पुढे झुकलेलं आहे, साध्या कोनमापकाने साधारण चार अंश. मुख्य पट्टीच्या बोल्टवर पायरी पडली आहे. मेकॅनिक म्हणाले पट्टी आणि बोल्ट दोन्ही बदलू. नव्या पट्टीसोबत जुन्या छोट्या पट्ट्या तशाच ठेवल्या तर चालतील का?

रॉकर_बॉक्स

नका ठेवू. जुन्या पट्ट्यांचा बाक नवीला जुळत नाही, मध्ये फट राहते आणि भार एकाच कडेवर येतो, नवी पट्टी तिथेच तडकते. पूर्ण संच घ्या. बसवण्याआधी पट्ट्यांच्या मध्ये ग्रीसचा अगदी पातळ हात, गंज रोखायला पुरेल एवढाच, आणि बोल्ट घट्ट करून पुन्हा माणसं बसवून कोन बघा. मग १० तासांनी नट तपासा, नव्या पट्ट्या बसकण घेतात.